आयपीसशेजारी उभा असलेला माणूस : शहरातलं वर्षभराचं आकाशदर्शन

“अहो, तुमची दुर्बीण चंद्राला लागलीये, शुक्राला नाही,” माझ्यापुढचे गृहस्थ आयपीसवरून, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगावरून, डोळा न काढताच म्हणाले. दुर्बिणीपाशी उभी असलेली मुलगी हसली नाही. तिनं त्यांना मान वर करायला सांगितली आणि बोट दाखवलं. चंद्राची बारीक कोर तिथे, तिच्या जवळच शुक्राचा झगझगीत ठिपका, आणि दुर्बिणीचं तोंड ठिपक्याकडे. गृहस्थांनी परत डोळा लावला, परत वर पाहिलं, परत डोळा लावला. रांगेत त्यांच्यामागे आम्ही अकरा जण होतो. कोणी कुरकुर केली नाही, कारण काय चाललंय ते सगळ्यांना ऐकू येत होतं.

तारीख १ फेब्रुवारी २०२५, वार शनिवार. त्या संध्याकाळी शुक्र दुर्बिणीतून खरोखरच चंद्रकोरीसारखा दिसत होता, निम्म्याहून कमी उजळलेला. जन्मभर शुक्राची चांदणी पाहत आलेल्या मला हे ठाऊक नव्हतं. मुलीनं थोडक्यात सांगितलं : शुक्राची कक्षा आपल्या कक्षेच्या आत आहे, त्यामुळे त्याची उजळ बाजू आपल्याला कधी जवळजवळ पूर्ण, कधी अर्धी, कधी कोरीएवढीच दिसते. १६१० च्या अखेरीस गॅलिलिओला हेच दिसलं आणि सगळं काही पृथ्वीभोवती फिरतं ही समजूत अडचणीत आली. एवढं बोलून ती गप्प झाली आणि मला पाहू दिलं. मी मनात आकडे मोजत होते. पन्नासपर्यंत पोहोचले तरी कोणी “चला, पुढचे” म्हणालं नाही.

मी निवृत्त मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या चुका शोधायचे मला तीस वर्षं पैसे मिळाले. आता तेच काम फुकट करते. डिसेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या काळात मी आणि माझी नऊ वर्षांची नात आकाशदर्शनाच्या नऊ कार्यक्रमांना जाऊन आलो. एक तिकीट लावून शहराबाहेर नेणारी सहल, एक तारांगण, हौशी आकाशनिरीक्षकांच्या गटाच्या पाच मासिक संध्याकाळी, एक दिवसाढवळ्या सूर्य दाखवणारी सकाळ, आणि बसथांब्याजवळच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून बसलेला एक माणूस. त्याला कार्यक्रम म्हणायचं की नाही ठाऊक नाही, पण मी मोजलाय. कोणाचंच नाव घेत नाही. जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात या पाच तऱ्हा सापडतात, आणि माझ्या गुणांकनाचा उपयोग व्हायचा असेल तर तो तऱ्हा ओळखण्यासाठी व्हावा.

आधी सहल, म्हणजे वाईट आठवण उरकून टाकता येईल. मिथुन राशीतला उल्कावर्षाव दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास शिगेला पोहोचतो. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘ताशी १५० उल्का, गडद आकाश, ५२५ पट शक्तीची दुर्बीण’. रात्री दहा ते तीन या पाच तासांत मी आणि नातीनं मिळून अकरा उल्का मोजल्या. त्यातल्या दोन तिनं एकटीनं पाहिल्या, त्या मी विश्वासावर धरल्या आहेत.

आकाश गडद नव्हतंच. पौर्णिमा दीड दिवसावर आली होती. चंद्र कृत्तिकांजवळ असा काही तळपत होता की त्याच्या उजेडात मला जाहिरातीचा कागद वाचता आला, आणि वाचल्यावर ‘उल्कावर्षाव’ दीर्घ उकारानं छापलाय हेही दिसलं. वर त्या जागेचे दिवे रात्रभर चालू. तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं, “निसर्ग आपल्या हातात नसतो, मॅडम.” ढगांच्या बाबतीत हे मान्य. पण पौर्णिमेची तारीख वर्षभर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असते.

ताशी १५० हा आकडा खोटा नाही, अर्धवट आहे. उल्का जिथून येताना भासतात ती जागा बरोबर डोक्यावर आहे, आकाश संपूर्ण काळं आहे आणि डोळ्यांना अगदी मंद तारेही दिसताहेत असं धरून तो काढलेला असतो. चंद्रप्रकाशात आणि शहराच्या कडेला त्यातले फार थोडे पदरात पडतात. हे जाहिरातीत लिहायला एक ओळ पुरली असती. या उल्कांचा उगम १९८३ साली सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहात आहे, नेहमीसारखा धूमकेतूत नाही, ही मजेदार गोष्टही तिथे कोणी सांगितली नाही. मला ती पुढे गटातल्या एकांकडून कळली. तिथल्या निवेदकानं मात्र माइकवरून “हा तारा एवढी प्रकाशवर्षं जुना आहे” असं तीनदा सांगितलं. प्रकाशवर्ष हे अंतर आहे. किलोमीटर जुना असं आपण कोणाला म्हणत नाही.

आणि ती ५२५ पट शक्ती! साधारण हिशेब असा : दुर्बिणीच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि दुप्पट करायची. त्याच्या पुढचं मोठेपण रिकामं, प्रतिमा फुगते पण तपशील वाढत नाही. तिथली दुर्बीण साठ मिलिमीटरची होती, म्हणजे फार तर १२० पट. वर ती अशा काडीपहिलवान तिकाटण्यावर बसवलेली की कोणी शेजारून चाललं तरी गुरू भुताटकीसारखा थरथरे. तो तर आठवड्यापूर्वीच पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येऊन गेला होता, वर्षातला त्याचा सर्वांत देखणा काळ, आणि आमच्या वाट्याला आला एक नाचणारा पांढरा वाटाणा. रांगेत प्रत्येकाला दहा सेकंद. नातीनं विचारलं, “आजी, दिसलं का काही?” मी म्हटलं, “दिसलं असं समजू.”

त्या रात्रीनंतर मी हा नाद सोडूनच दिला असता. पण जानेवारीत वर्तमानपत्रांतून आणि फोनवर ‘सहा ग्रह एका रेषेत’ची धूम उडाली. ग्रह सूर्याभोवती जवळपास एकाच पातळीत फिरतात, त्यामुळे आकाशात ते केव्हाही दिसले तरी साधारण एकाच पट्ट्यात दिसतात. त्यात रांगेचं नवल काही नाही. नवल होतं ते एकाच संध्याकाळी इतके जण हजर असण्याचं. हे मला एका कागदावरून कळलं. वाचनालयाच्या फलकावर हौशी गटाची सूचना लागली होती : ‘शुक्र, शनी, गुरू, मंगळ साध्या डोळ्यांनी दिसतील. युरेनस आणि नेपच्यूनला दुर्बीण लागेल आणि तरीही ते ठिपकेच दिसतील. फोटोसारखं काही दिसणार नाही. ढग असल्यास दुपारी चारपर्यंत कळवू.’ खाली ‘गुरु चे चंद्र’ असं तोडून लिहिलं होतं. तेवढं सोडलं तर आयुष्यात वाचलेल्या सर्वांत प्रामाणिक जाहिरातींपैकी ती एक. मी फलकावरचं ‘गुरु चे’ पेन्सिलीनं ‘गुरूचे’ करून आले आणि ठरलेल्या दिवशी नातीला घेऊन हजर झाले.

जागा म्हणजे एक मोकळं मैदान, शहराच्या आतच. एका कडेला रस्त्याचे दिवे, पण त्यांच्याकडे पाठ करून दुर्बिणी मांडलेल्या. गवत होतं, याला महत्त्व आहे असं नंतर कळलं. तारांगणाच्या गच्चीवर आम्ही गुरू पाहिला तेव्हा तो उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा दिसत होता. दिवसभर तापलेलं काँक्रीट संध्याकाळी उष्णता सोडतं, वरची हवा लहरते आणि त्या लहरीही दुर्बिणीत मोठ्या होऊन येतात. गवत लवकर निवतं. त्यामुळे गच्चीवरचा कार्यक्रम आणि मैदानावरचा कार्यक्रम असा पर्याय असेल तर मैदान निवडा, दुर्बीण थोडी लहान असली तरी.

तारांगणाबद्दल इथेच सांगून मोकळी होते. खुर्च्या उत्तम, मान दुखत नाही, ढगांची भीती नाही. घुमटावर तारे पाडणारं पहिलं यंत्र १९२३ साली झाइस कंपनीनं म्युनिकमध्ये दाखवलं होतं. शंभर वर्षांनंतरही दिवे मालवून तारे उजळतात तेव्हा लहान-मोठे सगळे एकदम “हाऽऽ” करतात. पहिली वीस मिनिटं एक बाई स्वतः बोलून आजच्या रात्रीचं आकाश दाखवत होत्या, ती फार छान. पुढची अर्धी वेळ ध्वनिमुद्रित चित्रपट, त्यात लघुग्रह आदळणं आणि ढणाढणा संगीत. माझ्या शेजारचे आजोबा त्या गदारोळातही झोपले. मी त्यांना दोष देत नाही.

तर मैदान. चार दुर्बिणी होत्या, त्यातली सर्वांत मोठी आठ इंची ‘डॉब’. लाकडी पेटीवर बसवलेली तोफच म्हणा. मोटर नाही, काही नाही, हातानं ढकलायची. पृथ्वी फिरते त्यामुळे सव्वाशे पट मोठं करून पाहिलं की दीडएक मिनिटात गुरू चौकटीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकून बाहेर जातो. म्हणून शेजारच्या माणसाला दर दोघांमागे वाकून तो परत मध्यभागी आणावा लागतो. दोन तासांत त्या काकांनी हे किती वेळा केलं असेल! त्यांच्या गुडघ्यांना लोकरी पट्टे बांधलेले होते, आणि माझ्या वयाच्या बाईच्या नजरेतून ते सुटत नाहीत.

शिवाय त्यांनी मला फोकसच्या चाकाला हात लावू दिला. हे छोटं वाटेल, पण नऊ कार्यक्रमांत ही मुभा फक्त या गटानं दिली. “काकू, हे हळू फिरवा, गुरूची कड धारदार झाली की थांबा.” चष्म्याचं काय करू म्हटल्यावर लगेच प्रतिप्रश्न : नंबर साधा की तिरपा? साधा जवळचा-लांबचा असेल तर चष्मा काढा, फोकस जुळवून घेता येतो. तिरपा म्हणजे सिलिंड्रिकल असेल तर राहू द्या. मी चष्मा काढला, चाक फिरवलं आणि गुरूवरचे दोन तपकिरी पट्टे एकाएकी वेगळे झाले. बाजूला एका ओळीत चंद्र.

नातीकडे वही होती. काकांनी तिला चंद्रांचं चित्र काढायला लावलं, मध्ये गोळा आणि दोन्ही बाजूंना टिंबं. मग दोन तासांनी, निघायच्या आधी, दुसरं चित्र. गुरूच्या सर्वांत जवळचं टिंब चक्क सरकलं होतं. “आजी, हा हलला!” ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या दुर्बिणीवरचे लोक वळले. तो आयो. गुरूभोवती त्याची एक फेरी साडेबेचाळीस तासांत होते. काकांनी तिला सांगितलं की याच आयोच्या ग्रहणांच्या वेळा मोजता मोजता १६७६ साली ओले रोमर या डॅनिश माणसाला कळलं, प्रकाशाला यायला वेळ लागतो. नातीनं ते वहीत लिहून घेतलं, ‘रोमर’ नीट लिहिलं, ‘प्रकाश’मधला ‘श’ मात्र पोटफोड्या काढला. मी गप्प बसले. ही माझी त्या वर्षातली सर्वांत मोठी कामगिरी.

आता माझ्या डोळ्यांचं. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीये, डाव्याची व्हायची आहे. गटातल्या शुक्रवाल्या मुलीला हे कळलं तेव्हा तिला कोण आनंद झाला! तिनं मला मृग नक्षत्राकडे वळवलं आणि सांगितलं, आधी एक डोळा झाकून राजन्य, म्हणजे तिथला तेजस्वी निळसर तारा, बघा, मग दुसरा. उजव्या, कृत्रिम भिंगाच्या डोळ्याला राजन्य निळसर, थंडगार दिसला. डाव्याला साय धरल्यासारखा पिवळट. मृगातलाच काक्षी नावाचा तारा मात्र दोन्ही डोळ्यांना सारखाच तांबूस. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश अडवतं; शस्त्रक्रियेत ते काढून टाकतात. डॉक्टरांनी मला हे सांगितलं असेल, पण तेव्हा मी पट्टी कधी सुटणार याच्या काळजीत होते. साठी उलटलेल्या बाईला आकाशदर्शनात स्वतःचाच डोळा दाखवणारा गट मला मिळाला, याबद्दल त्यांना जे काही तारे द्यायचे ते मी देते.

मृगातला तेजोमेघ पाहताना निराशा होण्याचा धोका सर्वांत मोठा. तेराशेएक प्रकाशवर्षांवरचा तो ढग, जिथे नवे तारे जन्मताहेत. सहलवाल्यांच्या फलकावर तो गुलाबी-जांभळा छापला होता. दुर्बिणीतून तो राखाडी दिसतो, श्वासाची वाफ काचेवर धरावी तसा. अंधारात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाही. कॅमेरा मिनिटंच्या मिनिटं प्रकाश साठवतो, डोळा नाही. गटातल्यांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तो राखाडीपणाच पाहण्यासारखा झाला. शिवाय एक युक्ती : थेट त्याच्याकडे न पाहता किंचित बाजूला पाहायचं. नजर तिरकी झाली की ढगाचे पंख पसरतात, सरळ पाहिलं की मिटतात. मी चार-पाच वेळा मिटून-उघडून पाहिले.

यासाठी अंधाराला सरावलेला डोळा लागतो, आणि तो सरावायला वीस ते तीस मिनिटं जातात. कोणीतरी फोन उघडला की सगळं मुसळ केरात. गटाचे लोक लाल कागद गुंडाळलेल्या टॉर्च वापरत होते, कारण लाल प्रकाशानं ही सवय फारशी मोडत नाही. पण येणारे प्रेक्षक! एका काकांच्या फोनचा टॉर्च पिशवीतून चालूच राहिला होता आणि ते अर्धा तास चालत्या दीपस्तंभासारखे मैदानभर हिंडत होते.

फोनचा दुसरा जाच रांगेत. आयपीसवर फोन टेकवून चंद्राचा फोटो काढायला नवशिक्याला तीन मिनिटं लागतात, आणि निघतो तो काळ्यावर एक पांढरा डाग. मागचे तीस जण ताटकळतात. मार्चपासून गटानं एक दुर्बीण फक्त फोटोंसाठी वेगळी काढली, तिच्यावर फोन अडकवायचा चिमटा बसवला आणि तिची रांग वेगळी केली. त्यानंतर बाकीच्या रांगा भराभर सरकायला लागल्या. इतकी साधी गोष्ट तारांगणाला का सुचली नाही, देव जाणे.

आता गटाचे दोष, नाहीतर लोक म्हणतील बाई यांच्या नात्यातल्या. बसायला काही नाही. दोन तास उभं राहणं, शिवाय डॉबचं आयपीस वस्तू आकाशात जेवढी खाली तेवढं खाली येतं, म्हणजे मावळत्या शनीसाठी मला जवळजवळ गुडघ्यांवर बसावं लागलं. उठताना दोघांनी हात दिला. शेजारच्या दुर्बिणीचं उलट, तिथे मुलांसाठी शिडी, आणि शिडी धरायला कधी कोणी असे, कधी नसे. ढगांची सूचना चारपर्यंत कळवू म्हणतात. एप्रिलमध्ये ती सहा वाजता आली, तोवर आम्ही अर्ध्या वाटेत होतो. हिरवा लेसर घेऊन नक्षत्रं दाखवणारा तरुण फार उत्साही; आकाशात विमानाचा दिवा दिसत असताना लेसर चालू ठेवू नये हे त्याला माझ्यासमोर एकदा ज्येष्ठांनी सुनावलं, ते बरं केलं. आणि शेवटची दहा मिनिटं सभासद होण्याबद्दलचं भाषण. ते कागदावर छापून द्या, फार तर तपासून मी देते.

सूर्याची सकाळ अनपेक्षितपणे भावली. रात्री घराबाहेर पडता न येणारे कितीतरी जण तिथे भेटले, चाकाच्या खुर्चीतले एक गृहस्थही. त्यांच्यासाठी आयपीस खाली आणायची खटपट करण्यापेक्षा आयोजकांनी सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडली आणि पुठ्ठाच त्यांच्यापुढे धरला. डागांचे दोन पुंजके होते. त्यातल्या एका डागात पृथ्वी सहज मावेल असं कळल्यावर गृहस्थांनी पुठ्ठ्यावर अंगठा ठेवून पाहिला. दुसऱ्या एका खास दुर्बिणीतून सूर्य लालबुंद दिसत होता आणि त्याच्या काठावर ज्वाळेची एक कमान. ती दुर्बीण हायड्रोजनच्या लाल प्रकाशाची एकच बारीक पट्टी आत घेते, बाकी सगळं अडवते.

अशा कार्यक्रमात आधी एकच गोष्ट तपासा. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, चिकटपट्टीनं पक्का बसवलेला हवा, आणि बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर झाकण हवं. आयपीसला मागून लावायचा काळ्या काचेचा फिल्टर कोणी वापरत असेल तर मुलांना घेऊन तिथून निघा. एकवटलेल्या उन्हानं तो तडकतो, आणि तडकला की पुढे तुमचा डोळा असतो. आमच्या आयोजकांनी चिकटपट्टी दर अर्ध्या तासानं हातानं चाचपून पाहिली.

राहिला फुटपाथवरचा माणूस. त्याच्याकडे फलक नव्हता, तिकीट नव्हतं, माइक नव्हता. संध्याकाळच्या गर्दीत, झगझगीत दिव्यांखाली त्यानं दुर्बीण मांडली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, “चंद्र बघणार?” बहुतेक जण काहीतरी विकतोय असं समजून वळसा घालत होते. मीही आधी घातला. मग परतले.

अष्टमीचा चंद्र होता. दुर्बिणीतून चंद्र पाहायचा तर अर्धाच पाहावा, पौर्णिमेचा नाही. पौर्णिमेला ऊन सरळ पडतं, सावल्या नसतात आणि सगळं सपाट दिसतं. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या सावल्या लांबलचक पडतात, विवरांच्या तळाशी काळोख आणि मधल्या सुळक्याच्या टोकाला तेवढं ऊन. दुरून डोंगर साजरे ही म्हण मी इतकी शब्दशः कधी अनुभवली नव्हती. आणि शहराच्या दिव्यांनी चंद्राचं काही बिघडत नाही, ग्रहांचंही फारसं नाही. शहरात दिवे आहेत म्हणून आकाश पाहता येत नाही, ही तक्रार मी त्या दिवसापासून अर्धी मागे घेतली. उरलेली अर्धी तेजोमेघ आणि आकाशगंगांसाठी राखून ठेवलीये.

त्या माणसानं मला जॉन डॉब्सन यांच्याबद्दल सांगितलं, ज्यांच्या नावावरून ‘डॉब’ हा शब्द आला. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्म, १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत दाखल, वीसहून अधिक वर्षं रामकृष्ण परंपरेतले संन्यासी. मठात राहूनच टाकाऊ सामानातून दुर्बिणी बनवायचे, आरशाची काच हातानं घासायचे. दुर्बिणींपायी मठातली गैरहजेरी वाढली आणि १९६७ मध्ये मठ सुटला. पुढच्याच वर्षी त्यांनी फुटपाथवर दुर्बिणी मांडणाऱ्यांचा एक गट उभा केला आणि २०१४ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी जाईपर्यंत रस्त्यातल्या लोकांना हाका मारून आकाश दाखवलं. हे सगळं सांगेस्तोवर माझ्या दोन बसेस गेल्या. मधल्या वेळात एका डिलिव्हरीवाल्या मुलानं हेल्मेट न काढताच डोळा लावायचा प्रयत्न केला, आपटला, हसला, हेल्मेट काढलं आणि चंद्र पाहून फक्त एक शिवी उच्चारली. अत्यंत आदरपूर्वक. ती इथे छापण्याजोगी नाही, पण माझ्या साऱ्या परीक्षणापेक्षा नेमकी होती.

२२ नोव्हेंबर २०२५ ला गटाच्या मैदानावर परत जाऊन आलो. निमित्त शनीचं. फेब्रुवारीत गुडघे टेकून पाहिला होता तो क्षितिजाजवळ गेलेला. आता चांगला वर होता, उभ्यानं पाहता आला. पण कडी कुठे? मार्चमध्ये पृथ्वीनं शनीच्या कड्यांची पातळी ओलांडली, आणि नोव्हेंबरअखेर ती पुन्हा जवळजवळ कडेवरून दिसत होती. गोळ्यातून आरपार टोचलेली एक सुई, बस्स. रांगेत एक लहान मुलगा रडकुंडीला आला, “पुस्तकात मोठी असतात!” गुडघ्यांना पट्टे बांधणारे काका त्याच्यापुढे खाली बसले आणि पुठ्ठ्याची चकती तिरपी करून, मग आडवी करून दाखवली : मोठीच आहेत, आज तू ती कडेवरून पाहतोयस, शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यामुळे दर चौदा-पंधरा वर्षांनी असं होतं, याआधी २००९ मध्ये झालं होतं. मग आयपीसमधला एक मंद ठिपका त्याला शोधायला लावला. तो टायटन, ख्रिस्तियान हॉयगन्सनं १६५५ मध्ये पाहिलेला. मुलाला तो माझ्याआधी सापडला.

“काकू, कडी पूर्ण उघडलेली बघायची तर २०३२ ला या,” काका मला म्हणाले. नातीनं बोटं मोजली. ती सोळा वर्षांची असेल. मी सत्तरीची, आणि डावा डोळाही तोवर उरकलेला असेल. काकांनी वहीत कार्यक्रमांची यादी काढली आणि सगळ्यात खाली, हसत हसत, आमच्या दोघींची नावं २०३२ पुढे लिहिली. ‘शनि’ ऱ्हस्व लिहिला होता. मी तिथेच पेन मागून घेतलं.

पुढच्या वेळी घडीचं स्टूल बरोबर नेणार आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या दुर्बिणीपाशी एखादी बाई आधी एक डोळा मिटून आणि मग दुसरा मिटून पाहत बसलेली दिसली, तर तुम्ही खुशाल पुढे व्हा. मला वेळ लागतो.